ढगात गेलेली अक्कलदाढ

तीर्थरूप मामांच्या चरणी धाकट्या भाच्याचा साष्टांग नमस्कार. (मान धरल्यामुळे तो मनातल्या मनात घातला आहे, पण घातला आहे.) आम्ही इकडे सगळे ठीक आहोत. तुम्ही आणि मामी तिकडे ठीक असाल अशी आशा आहे, आणि तुमचा गुडघा ठीक नसेल अशी खात्री आहे. मामींचा नवा चष्मा आला का? मागच्या खेपेला त्यांनी मला दारातच "या डॉक्टर, पेशंट आत आहे" म्हणून सरळ तुमच्या पलंगापाशी नेलं, तेव्हापासून काळजी लागून राहिली आहे. तुमच्या भाचेसुनेने दोघांना नमस्कार सांगितला आहे आणि "पत्र आटोपशीर लिहा, मामांना एका दमात एवढं वाचवत नाही" असंही बजावलं आहे. नमस्कार पोचवला. आटोपशीरपणाचं जमेल असं वाटत नाही, तेव्हा दोन-तीन दमांत वाचा.

मागे फोनवर तुम्ही विचारलंत की हल्ली मी ऑफिसात नक्की करतो काय, आणि मी "क्लाउड स्टोरेज निवडतोय" म्हटल्यावर तुम्ही ते शब्द माझ्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतलेत. मग हळूच म्हणालात, "पगार वेळेवर देतात ना?" देतात, मामा. बाकीचं फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून हे बैजवार लिहितो आहे.

आमची कंपनी दातांच्या डॉक्टरांसाठी सॉफ्टवेअर बनवते हे तुम्हाला ठाऊक आहे. (तुम्ही पाहुण्यांना "तो दातांचं काहीतरी करतो" म्हणून सांगता, तेही माझ्या कानावर आलं आहे.) कोणत्या पेशंटला कधी बोलावलं, कोणती दाढ भरली, कोणती उपटली, आणि मुख्य म्हणजे त्या दाढेचे एक्स-रे, हे सगळं आमच्याकडे साठत जातं. एक्स-रे कोणी कधी टाकून देत नाही. माणसाचा दात पडून जातो, जागी कवळी येते, ती कवळीही हरवते, पण मूळ दाताचा फोटो आमच्याकडे शाबूत असतो. हे सगळे फोटो इतकी वर्षं ऑफिसातल्याच एका खोलीत, लोखंडी कपाटांत बसवलेल्या मशीनमध्ये राहत होते. खोली चहाच्या खोलीला लागून आहे. मशिनं तापू नयेत म्हणून तिथला एसी कधी बंद होत नाही, आणि त्या खोलीचा कारभार पाहणारे आमचे एक जुने सहकारी बारा महिने लोकरीची कानटोपी घालून बसतात. त्यांना सगळे कानटोपीच म्हणतात. नम्रपणा हा त्यांचा प्रांत नव्हे. कोणी पाहुणा आला की त्याला दारात थांबवून, आतल्या लुकलुकणाऱ्या दिव्यांकडे हात करून सांगतात, "या शहराचे निम्मे दात माझ्या ताब्यात आहेत." माझी आणि त्यांची दोस्ती जुनी. दुपारी डबा आम्ही एकत्र खातो, म्हणजे माझा डबा दोघं खातो आणि त्यांचा डबा ते खातात.

तर झालं असं, की एके दिवशी सकाळी एका दवाखान्यात डॉक्टरांनी एक्स-रे काढला, साठवण्याचं बटण दाबलं आणि पडद्यावर आलं: जागा शिल्लक नाही. डॉक्टरांनी मला फोन केला. (ग्राहकसेवा माझ्याकडे आहे. म्हणजे सगळ्यांचं निमूटपणे ऐकून घेणं माझ्याकडे आहे.) ते शांतपणे म्हणाले, "तुमच्याकडे जागा नाही, पण माझ्या समोरच्या गृहस्थाच्या तोंडात पुष्कळ आहे. तिथेच ठेवू का?" दुपारपर्यंत असे इतके फोन आले की माझा डावा कान उजव्यापेक्षा लाल झाला. कानटोपींनी काहीबाही हलवून, सरकवून चिमूटभर जागा केली, पण ती किती दिवस पुरणार हे त्यांनाही सांगता येईना.

आमच्या मालकीणबाई स्वतः दातांच्या डॉक्टर आहेत. दात काढून काढून कंटाळल्या म्हणून त्यांनी कंपनी काढली. अजूनही कोणतीही अडचण समोर आली की त्या दोनच गोष्टींचा विचार करतात: वरवर भरायचं की मुळासकट काढायचं, आणि बहुतेक वेळा काढतात. आमचं जुनाट सॉफ्टवेअर मोडून नवं उभारायचं काम चालूच होतं. बाईंनी मीटिंग बोलावून जाहीर केलं की आता फोटोसुद्धा त्या खोलीत नकोत. ते क्लाउडवर न्यायचे, जागा लागेल तशी आपोआप वाढेल असं काहीतरी बघायचं, आणि पुन्हा कोणत्याही डॉक्टरला "जागा शिल्लक नाही" हे शब्द दिसता कामा नयेत. (मामा, क्लाउड नाव असलं तरी वर काही नसतं. दुसऱ्या कोणाची तरी प्रचंड इमारत असते, तीत दुसऱ्या कोणाची तरी मशिनं असतात, आपण आपलं सामान तारेतून तिकडे धाडायचं आणि लागेल तेवढ्या जागेचं भाडं भरायचं. मामींना सांगताना "भाड्याचा माळा" एवढंच सांगा.) मग बाईंनी विचारलं, निवडायचं काम कोण करणार? त्याबरोबर टेबलाभोवतीच्या सगळ्या हुशार मंडळींनी माना खाली घातल्या. माझी मान तेव्हाही धरलेली होती, मला ती खाली घालता येत नव्हती. बाई म्हणाल्या, "छान. एक तरी माणूस नजर चुकवत नाही." झालं.

घरी येऊन सांगितलं तर तुमची भाचेसून म्हणाली, "आपला माळा आवरता आवरत नाही, आणि जगाच्या दातांची सोय लावायला निघालात." हे वाक्य तिने त्यानंतर पाहुण्यांसमोरही म्हटलं आहे.

कानटोपींना बातमी कळायला वेळ लागला नाही. (टोपीतूनही त्यांना सगळं ऐकू जातं.) मी मुद्दाम त्यांच्या खोलीत गेलो, खुर्ची ओढून बसलो आणि म्हटलं, "तुमच्या सल्ल्याशिवाय मी काही करणार नाही." ते मशीनकडे तोंड करूनच बोलले. "न्या की. कुठे न्यायचे तिथे न्या. फक्त तिथे राखणीला कोण बसतं, त्या एका माणसाचं नाव मला सांगा." दुसऱ्या दिवसापासून ते डबा त्या गार खोलीतच, दार लावून खायला लागले. माझा डबा मला जास्त व्हायला लागला. उरलेलं घरी गेलं की भाचेसून विचारणार, आवडलं नाही का, म्हणून मी ते कसंबसं संपवत असे आणि दुपारभर मीटिंगमध्ये पेंगत असे. माणसाशी भांडण झालं तर मिटवता येतं, मामा. भांडण न होताच तो बोलायचा थांबला की काय मिटवायचं हेच कळत नाही.

तर विकणारे आले. दोन निघाले. पहिल्याला मी आकृतीवाला म्हणतो, कारण काहीही विचारलं की तो उठून फळ्यावर आकृती काढायचा. चौकोन, चौकोनातून बाण, बाणाच्या टोकाला ढग. मी विचारलं, "सामान ठेवायला इतकं स्वस्त आहे, हे चांगलं झालं. पण उद्या परत न्यायचं म्हटलं तर?" तो पाणी प्यायला. मग त्याने एक उलटा बाण काढला आणि म्हणाला, "याचे मात्र पैसे पडतात. आणि बरेच पडतात. हे आधीच सांगितलेलं बरं." मला जरा राग आला, पण माणूस खोटं बोलला नाही हेही लक्षात राहिलं. दुसरा मात्र गोड होता. जागा वाढेल? हो. पैसे कमी होतील? हो. फोटो हरवले तर? हरवणारच नाहीत, हो. आमचं नवं सॉफ्टवेअर अजून अर्धवट आहे, तरी चालेल? हो हो. त्याचं नाव मी होयबा ठेवलं. शेवटी सहज गंमत म्हणून विचारलं की तुमच्याकडे फोटो ठेवला तर दातातली कीड आपोआप बरी होते का, तर तो म्हणाला, "पुढच्या आवृत्तीत." खरं म्हणजे तिथेच त्याला चहा पाजून वाटेला लावायचं, पण बाईंना तो फार आवडला होता.

म्हणून ठरलं की दोघांचीही परीक्षा घ्यायची. एका दवाखान्याच्या फोटोंची एकेक प्रत दोघांकडे पाठवायची, आणि तो दवाखाना काही दिवस आमच्या नव्या सॉफ्टवेअरवर, आकृतीवाल्याच्या जागेवर चालवून बघायचा. नंतर पाळी होयबाची. कोणता डॉक्टर असल्या प्रयोगाला तयार होणार? कोणीच झाला नाही. शेवटी बाईंचे यजमान तयार झाले. तेही दातांचे डॉक्टर आहेत, आणि त्यांना नाही म्हणायची सोय नव्हती.

आता माझा पराक्रम ऐका. या क्लाउडवाल्यांकडे एक सोय असते. ज्या फोटोला बरेच दिवस कोणी हात लावलेला नाही तो त्यांनी उचलून खोल तळघरात ठेवायचा, तिथे भाडं नाममात्र. त्याला शीतसाठा म्हणतात. तिथून परत वर आणायला काही तास जातात, पण जुनापुराणा फोटो मागतंय कोण? वर्षभर पडून राहिलेले फोटो तळघरात जावेत असा नियम घालायचं ठरलं. आमची प्रोग्रामर मुलगी म्हणाली, "मी घालते नियम." मी म्हटलं, "नको, निवड माझ्याकडे आहे, मला स्वतःच्या हाताने करून बघू दे." पडद्यावर एक चौकट होती. मी तीत ऐटीत एक आकडा घातला: १. मला म्हणायचं होतं, एक वर्ष. चौकटीला म्हणायचं होतं, एक दिवस. मी शीळ घालत घरी गेलो.

रविवारची सुट्टी संपून दवाखाना उघडला तेव्हा आदल्या आठवड्यापर्यंतचा एकूण एक फोटो तळघरात जाऊन गारठला होता. तरीही कोणाला कळलं नसतं, नवे पेशंट आले असते, नवे फोटो निघाले असते. पण त्या सकाळी खुर्चीत कोण बसलं असेल? आमच्या बाई. त्यांची अक्कलदाढ कधीपासून ठणकत होती, आणि जगाचे दात उपटणारी ही बाई स्वतःची दाढ काढून घ्यायला आज-उद्या करत होती. शेवटी यजमानांनी पकडून बसवलं. इंजेक्शन दिलं, अर्धं तोंड बधिर झालं, आणि दाढेचं मूळ कसं वळलंय ते एकदा डोळ्यांखालून घालावं म्हणून त्यांनी गेल्या आठवड्यातला एक्स-रे उघडला. पडद्यावर अक्षरं आली: फोटो बाहेर काढत आहोत, कृपया काही तास थांबा.

मला फोन आला. पलीकडून बाईंचा आवाज, पण तोंडात कापूस, जीभ जड, आणि शब्दांना हाडं नाहीत. "माहा फोओ कुहे आहे?" मी अदबीने म्हटलं, "बाई, तुमचा फोन तुमच्या हातातच आहे. त्यावरूनच बोलताय तुम्ही." पलीकडे जे काही बोललं गेलं ते मला कळलं नाही, आणि तेवढीच माझ्यावर त्या सकाळी झालेली कृपा. मग यजमानांनी फोन घेतला आणि हलक्या आवाजात सगळं सांगितलं. "बधिरपणा काही दिवसभर टिकत नाही हो," ते म्हणाले, "आणि ही माझ्याकडे ज्या नजरेने बघते आहे..."

मी आधी होयबाला फोन लावला, कारण त्याच्याकडेही फोटोंची प्रत होती. तो म्हणाला, "हो हो, लगेच पाठवतो." त्यानंतर त्याचा फोन लागला नाही. मग आकृतीवाल्याला लावला. त्याने मला त्यांच्या मदत-विभागातल्या एका बाईंशी जोडून दिलं. त्या बाईंनी काहीतरी तपासलं आणि सरळ म्हणाल्या, "नियमात तुम्ही एक दिवस लिहिला आहे. फोटो सगळे सुखरूप आहेत, एकही गेलेला नाही, पण दुपारच्या आत वर येणार नाही. 'लगेच देते' म्हणून सांगून काही उपयोग नाही." मी काकुळतीला येऊन म्हटलं, थोडं तरी लवकर? त्या म्हणाल्या, "नाही." इतकी स्वच्छ "नाही" मी लग्नानंतर घराबाहेर पहिल्यांदा ऐकली.

उरली गार खोली. त्या दाढेचा फोटो प्रयोग सुरू होण्याआधीचा, तेव्हा जुन्या मशीनमध्येही तो असणार हे उघड होतं. मी दार वाजवलं, आत गेलो आणि कानटोपींपुढे जे घडलं ते सगळं, चौकटीतल्या एकासकट, सांगून टाकलं. ते हसतील, निदान एखादा टोमणा तरी मारतील असं वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "बाईंना फार दुखतंय का?" आणि कामाला लागले. मला वाटलं, आता दोन मिनिटांत फोटो हजर. कसला हजर होतोय. त्यांचं मशीन नाकापर्यंत भरलेलं, शोधायला लावलं तर नुसतं घरघरत राहिलं. कानटोपी त्याच्या पाठीवर थाप मारत होते, "चल रे, चल रे" म्हणत होते, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरत चालला होता. शेवटी ते खोक्यावर टेकले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "दमलंय हो हे. मला माहीत होतं. सांगवत नव्हतं कोणाला." मी दुसऱ्या खोक्यावर बसलो. वाट बघण्यावाचून काही हातात नव्हतं, म्हणून मी डबा उघडला. (जेवायची वेळ झाली नव्हती, पण थंडीत भूक लागते.) त्यांनी जराही आढेवेढे न घेता निम्मा संपवला. दात कडकड वाजत असताना मी इतकं सुखाने फार दिवसांत जेवलो नव्हतो.

डबा संपतो न संपतो तोच यजमानांचा फोन आला. "अहो, राहू द्या. मी दुसरा एक्स-रे काढला. दाढ निघाली पण." हे एवढं साधं, घडीभराचं काम, खुर्चीतल्या डॉक्टरला सुचलं नव्हतं, खुर्चीशेजारच्या डॉक्टरला सुचलं नव्हतं आणि दातांच्या धंद्यात केस पिकवलेल्या मला तर नाहीच. कानटोपींनी आणि मी एकमेकांकडे बघितलं आणि हसत सुटलो, इतके की चहाच्या खोलीतली माणसं दार उघडून बघून गेली. जुन्या मशीनने फोटो दिला तो चहाच्या वेळेला, आणि तळघरातला त्याच्याही आधी वर आला होता, मदत-विभागातल्या बाईंनी सांगितल्याप्रमाणे दुपारच्या सुमारास.

दुसऱ्या दिवशी बाई गाल सुजवून ऑफिसात आल्या. जास्त बोलायची मनाई होती, त्यामुळे आमच्या कंपनीतली आजवरची सगळ्यात चांगली मीटिंग झाली. मी उभा राहिलो आणि चूक चौकटीची नसून माझी आहे हे सांगितलं. मग सांगितलं की होयबाने मदतीचा शब्द दिला आणि गडप झाला, आणि आकृतीवाल्याच्या माणसांनी तोंडावर "नाही" म्हटलं आणि सांगितलेल्या वेळेला फोटो दिला. जागा दोघांकडेही वाढते, मामा. पण सामान ठेवायचं ते "नाही" म्हणता येणाऱ्या माणसाकडे, असं माझं मत पडलं. बाईंनी गाल धरून मान हलवली. मग कानटोपींकडे वळून, जेवढे शब्द परवडत होते तेवढ्यात विचारलं, "तिकडची राखण कराल?" म्हणजे कोणता फोटो वर ठेवायचा, कोणता तळघरात, नियम कोण लिहितोय, हे सगळं बघणारं इथलं एक माणूस. कानटोपींनी टोपी काढली (त्यांना बरेच केस आहेत हे सगळ्यांना तेव्हाच कळलं) आणि म्हणाले, "करतो. पण दोन नवी मशिनं घ्या, सगळ्याची एक प्रत आपल्याकडे राहिली पाहिजे. आणि चौकटीत आकडे मी लिहिणार." दोन्ही अटी मान्य झाल्या. दुसरी टाळ्यांच्या कडकडाटात.

आता सगळे दवाखाने नव्या सॉफ्टवेअरवर आले आहेत, फोटो तारेतून जाताहेत, जागा लागेल तशी वाढते आहे. डॉक्टरांचे फोन येतात ते बिलांबद्दल, जागेबद्दल एकही नाही. एकंदरीत तुमच्या भाच्याने जागेचा प्रश्न कायमचा सोडवला, असं पाहुण्यांना सांगायला हरकत नाही. मामींना नमस्कार. गुडघ्याला शेक देत जा.

तुमचा,
दातांचं काहीतरी करणारा भाचा

ता. क. ती गार खोली बाईंना आता डॉक्टरांना नवं सॉफ्टवेअर शिकवण्याच्या वर्गासाठी हवी आहे. तेव्हा कानटोपींच्या अटीतली "एक प्रत" ठेवायला जागा शिल्लक नाही. तुमची मागची खोली रिकामीच असते, असं मी मीटिंगमध्ये बोलून गेलो. फक्त दोन कपाटं आहेत. फोटो सगळे कुलूपबंद आहेत, उघडून कोणाचे दात दिसायचे नाहीत, मामींना घाबरू नका म्हणावं. एसी आणि विजेचं बिल कंपनीचं. थोडी घरघर होते, ती तुमच्या घोरण्यापेक्षा कमी आहे, हे मी दोन्ही ऐकून सांगतो आहे. कृपा करून विचार करून कळवा.

ता. क. २. कानटोपी दर रविवारी तपासायला येतील. बोलतात फार, पण तुम्हालाही ऐकणारं कोणीतरी हवंच असतं. जेवायला थांबा म्हटलंत तर थांबतात.

ता. क. ३. वरती "विचार करून कळवा" लिहिलं आहे, ते तसंच राहू द्या, वाचायला बरं वाटतं. टेम्पो आज सकाळीच निघाला.

ता. क. ४. एवढं सगळं मेलवर न लिहिता टपालाने का, असं तुमच्या मनात येईल. मेलच पाठवत होतो. पाठवायला गेलो तर उत्तर आलं: जागा शिल्लक नाही. म्हणून काही पुसावं म्हणून बसलो, तर निम्म्याच्या वर तुम्ही रोज सकाळी न चुकता पाठवलेली सुप्रभाताची चित्रं निघाली. गुलाब, सूर्य, वाफाळता कप, पुन्हा गुलाब. भाचेसून म्हणाली, पुसून टाका. मला पुसवेनात. ती सगळी तारीखवार लावून कपाटांमधल्या एका मशीनमध्ये ठेवली आहेत. टेम्पो पोचला की तुमच्याकडेच येतील.